पाळणा बाळाचा, उंची आईच्या कमरेची

वऱ्हाडात बाळंतिणीला सव्वा महिना जड काम लावत नाहीत. पाण्याचा गुंड दुसरं कुणी उचलतं, धुणं आई किंवा सासू धुते, मालिश होते, शेक होतो, डिंकाचे लाडू होतात. एवढं जपूनही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "कमर धरली वं माय." मग कारणं शोधली जातात. शेक कमी पडला, गार पाण्यात हात घातला, सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई दिली. पाळण्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

नवजात बाळ दर दोन-तीन तासांनी दुधासाठी उठतं. दर वेळी त्याला उचलायचं, पाजायचं, ढेकर काढायची आणि पुन्हा निजवायचं. लंगोट बदलणं वेगळंच. म्हणजे दिवस-रात्रीत आई वीसएक वेळा पाळण्यावर वाकते, आणि त्यातलं बरंच वाकणं अर्धवट झोपेत होतं. हे वाकणं नीट केलं आणि पाळण्याची उंची वाकणाऱ्याला जुळवून घेतली, तर कमरेचा पुष्कळ त्रास टळतो. त्यासाठी महागडी कॉट लागत नाही. मोजायचा टेप, थोडा सराव आणि घरातल्यांचा हात एवढं पुरतं.

कमर का धरते?

गरोदरपणात रिलॅक्सिनसारख्या संप्रेरकांमुळे कंबरेच्या आणि ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल होतात. प्रसूती झाली म्हणून ते दुसऱ्या दिवशी आवळत नाहीत, त्याला काही महिने लागतात. पोटाचे स्नायूही ताणलेले असतात. एरवी पुढून कण्याला आधार देणारे हे स्नायू अशक्त असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत वाकणं सगळ्यात जास्त असतं.

तीन किलोच्या बाळाचं ओझं असं किती, असं वाटेल. पण आपण वाकतो तेव्हा कमरेला बाळाआधी आपलं स्वतःचं अर्धं शरीर तोलावं लागतं. डोकं, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग होतो. स्वीडनचे अस्थिशल्यतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत बारीक सुई घालून तिथला दाब प्रत्यक्ष मोजला. सरळ उभं असताना तो १०० धरला, तर नुसतं पुढे वाकल्यावर १५० च्या आसपास जातो. वीस किलो वजन हातात घेऊन वाकलं की २०० च्याही पुढे जातो. त्यात बाळ हात लांब करून धरलं, गुडघे ताठ ठेवले आणि वर कंबरेत पीळ दिला, की भार आणखी वाढतो. पाळण्याच्या कठड्यावरून आपण नेमकं हे सगळं एकदम करतो.

पाठीत दिलेल्या इंजेक्शनबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखू शकते. पण महिनोन्‌महिने राहणारी कंबरदुखी त्या सुईमुळे होते, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. दोष सुईला देत बसलं तर वाकण्याची सवय तशीच राहते आणि दुखणंही.

आधी पाळण्याची उंची मोजा

अमरावती-अकोल्याच्या घरांत आज तीन-चार प्रकार दिसतात. घरचा जुना लाकडी पाळणा, बाजारात मिळणारा लोखंडी स्टँडचा पाळणा, ऑनलाइन मागवलेली कॉट, आणि कडीला किंवा आढ्याला बांधलेली लुगड्याची झोळी. यातलं काहीही वापरा, आधी आईला शेजारी उभं करा आणि मोजा.

पहिल्या चार-पाच महिन्यांत, म्हणजे बाळ आधाराशिवाय बसू लागण्याआधी, गादीची वरची बाजू आईच्या कंबरेच्या थोडी खाली, सरळ सोडलेल्या हाताचं मनगट जिथे येतं तिथे असावी. या उंचीवर गुडघे जरासे वाकवले की बाळ ठेवता येतं. बहुतेक कॉटना गादी बसवायचे दोन-तीन टप्पे असतात. पुष्कळ घरांत जोडणी करणारा माणूस पहिल्याच दिवशी गादी सगळ्यात खालच्या टप्प्यावर बसवून जातो आणि आई सहा महिने विनाकारण खोल वाकत राहते. ती वर घ्या.

बाळ हाता-गुडघ्यांवर येऊ लागलं किंवा बसायच्या बेतात आलं, की गादी खाली घ्यायलाच हवी. कठडा धरून उभं राहू लागण्याआधी ती सगळ्यात खालच्या टप्प्यावर गेली पाहिजे. इथे बाळाची सुरक्षितता आईच्या कमरेच्या आधी येते. एव्हाना बाळही सात-आठ किलोचं झालेलं असतं, म्हणून ठेवण्याची रीत आधीच अंगवळणी पडलेली बरी.

मेळघाटच्या पायथ्याशी परतवाडा सागवानासाठी प्रसिद्ध आहे, आणि अजूनही बरेच लोक सुताराकडून पाळणा करून घेतात. करून घेत असाल तर सुताराला चार गोष्टी सांगा. गादीला किमान दोन टप्पे हवेत. खालच्या टप्प्यावर गादीच्या वर किमान दोन फूट कठडा राहिला पाहिजे. दोन गजांतलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आणि खाली सरकणारी बाजू करू नका. अशी बाजू पाठीला सोयीची वाटते, पण खटका सुटून आणि फटीत अडकून बाळं दगावल्यामुळे अमेरिकेने २०११ मध्ये अशा कॉटच्या विक्रीवर बंदी घातली.

आपल्याकडच्या बायांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या उंच कठड्याच्या कॉटमध्ये गादी खाली गेली, की अशा आईला कठडा पोटात रुततो. तेव्हा पायाखाली पाट किंवा चौरंग घेऊ नका. रात्री तो सरकतो आणि आई बाळासकट पडू शकते. कॉटच्या लांबीएवढी, तीन-चार इंच उंचीची, न हलणारी रुंद फळी सुताराकडून बसवून घ्या.

जागाही महत्त्वाची. कॉटची एक लांब बाजू पूर्ण मोकळी हवी, म्हणजे बाळासमोर सरळ उभं राहता येतं. कोपऱ्यात कोंबलेल्या पाळण्यात बाळ ठेवायचं तर कंबर पिळावीच लागते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की खोलीतली सगळी मांडणी कुलरच्या सोयीने बदलते आणि पाळणा बाजूला सारला जातो. तेव्हाही ही मोकळी बाजू राखा. कुलरचा झोत थेट बाळावर नको, आणि वायर किंवा पडद्याची दोरी बाळाच्या हाताशी नको.

बाळ ठेवण्याची रीत

पाळण्याजवळ जाण्याआधी मच्छरदाणी पूर्ण बाजूला सारा. एका हाताने जाळी धरून दुसऱ्या हाताने बाळ ठेवणं हा पाठीला लचक भरण्याचा हमखास मार्ग आहे. दुपटं, रुमाल, जे काही बाजूला करायचं ते बाळ हातात घेण्याआधीच करा. मग पुढच्या क्रमाने जा.

१. पाळण्यासमोर सरळ उभ्या राहा. पावलं खांद्यांएवढी अंतरावर, एक पाऊल किंचित पुढे, मांड्या कठड्याला टेकलेल्या.

२. बाळाला छातीशी घट्ट धरा. एक हात मान-डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली.

३. श्वास सोडत पोट हलकेच आत घ्या. आता गुडघे वाकवा आणि ढुंगण मागे न्या. वाकायचं ते खुब्यातून. पाठ मानेपासून माकडहाडापर्यंत एका रेषेत राहू द्या.

४. बाळ अंगापासून दूर न करता स्वतः खाली जा. कठडा ओलांडल्यावरच हात पुढे न्या.

५. आधी बाळाचं ढुंगण टेकवा, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं.

६. दोन्ही हात क्षणभर तिथेच ठेवा. आधी ढुंगणाखालचा हात काढून बाळाच्या छातीवर ठेवा, मग डोक्याखालचा हात सावकाश सोडवा.

७. उठताना कठड्यावर हात टेकवा आणि पायांच्या जोरावर वर या.

उचलताना हाच क्रम उलटा. आधी गुडघे वाकवून बाळाजवळ जा, त्याला छातीशी घ्या, मग उठा. काखेत हात घालून, अंगठे ताणून उचलू नका. त्याने अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात दुखणं सुरू होतं आणि ते महिनोन्‌महिने चालतं. तळहात बाळाच्या अंगाखाली सरकवून उचला. उचलून वळायचं असेल तर पावलं वळवा.

झुलणाऱ्या पाळण्यात बाळ ठेवताना पाळणा आधी पूर्ण थांबवा आणि त्याचा कठडा मांडीला टेकवून धरा. हलत्या पाळण्याच्या मागे हात नेला की कंबर पिळते आणि बाळही दचकतं.

झोळी, बाज आणि जमिनीवरची गादी

वऱ्हाडात कापूस वेचायला, निंदायला जाणारी आई धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा कडुनिंबाला झोळी बांधते. दिवसभर वाकून काम करणाऱ्या त्या बाईची कंबर आधीच थकलेली असते. झोळी उंच बांधली तर तिचं वाकणं कमी होईल हे खरं, पण गाठ सुटली किंवा बाळ उलटलं तर उंचावरून पडेल. म्हणून झोळी जमिनीपासून हात-दीड हातावरच हवी. पाठ वाचवायची तर आईने खाली बसावं. शेजारी पाट घेऊन किंवा उकिडवं बसून बाळ झोळीत ठेवावं, आणि उचलतानाही बसूनच आधी मांडीवर घ्यावं.

झोळीचा एक धोका आईने आणि आजीने नीट समजून घ्यायला हवा. कापडाच्या खोलगट आकारात बाळाची मान पुढे मुडपते, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाचा श्वास अडू शकतो. म्हणून झोळी नजरेसमोर, थोडा वेळ, बाळाचं तोंड उघडं दिसेल अशीच वापरा. झोप लागली की सपाट जागी हलवा. बाळ कुशीवर वळू लागलं की झोळी बंद.

गादी जमिनीवर असेल तर उभ्याने वाकून बाळ ठेवू नका. एक गुडघा टेका, दुसरं पाऊल पुढे ठेवा, बाळाला उभ्या मांडीचा आधार द्या, मग दुसरा गुडघाही टेकून निजवा. उठताना पुढच्या पायावर जोर द्या. बाजेवर किंवा दिवाणावर आधी शेजारी बसा आणि बसूनच बाळ ठेवा.

बाळ का दचकतं?

"हातात झोपतं, ठेवलं की उठतं" ही प्रत्येक आईची कथा. लहान बाळाला पडल्याचा भास झाला की ते दोन्ही हात फेकून दचकतं. ही उपजत प्रतिक्रिया असते आणि साधारण चार ते सहा महिन्यांत ओसरते. डोकं आधी खाली गेलं, किंवा बाळ अंगापासून झटकन दूर झालं, की ती हमखास येते. म्हणजे आईच्या पाठीला मानवणारी रीत, जवळ धरून सावकाश खाली जाण्याची, बाळालाही मानवते.

जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक छोटा पण उपयोगी अभ्यास प्रसिद्ध केला. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं एकसारखं चाललं तर ते शांत होतं. झोप लागल्यावर लगेच न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटं त्याला घेऊन बसलं, तर ठेवताना जागं होण्याची शक्यता कमी होते. बाळ गादीला टेकण्याआधीच, आईच्या अंगापासून सुटतानाच जागं होऊ लागतं, हेही त्यांना दिसलं. तेव्हा थोडं फिरा, मग पाठीला टेकण असलेल्या खुर्चीत बसा, बाळाचे हातपाय सैल पडू द्या आणि मगच उठा. घाईने ठेवलं तर पुन्हा उचलणं आलं, आणि एक वाकणं वाढलं.

थोपटायचं ते बसून

उचलण्या-ठेवण्यापेक्षाही कंबर मोडते ती पाळण्यावर वाकून वीस-वीस मिनिटं थोपटण्याने. पाठ एकाच जागी ताणलेली राहते, स्नायू आखडतात आणि सरळ होताना कळ येते. पाळण्याशेजारी कायमची एक बैठक ठेवा. कॉट उंच असेल तर स्टूल, बुटका पाळणा असेल तर पाट. गजांमधून हात घाला, कोपर मांडीवर किंवा उशीवर टेकवा आणि थोपटा. पाळण्याला लांब दोरी बांधा, म्हणजे टेकून बसून झोका देता येईल. ही दोरी बाळाच्या हाताला लागणार नाही अशी बाहेरच्या बाजूला असू द्या आणि काम झालं की सोडून ठेवा.

पाळण्यात बाळाशिवाय काही नको

बाळाला नेहमी पाठीवर, उताणं निजवा. गादी कडक आणि सपाट असावी. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ती उशी, लोड, जाड गोधडी, मऊ खेळणी यांतलं काहीही झोपेच्या वेळी पाळण्यात नको. तोंड-नाक झाकलं जाण्याचा धोका असतो. पाळणा मोकळा असला की वाकून आवरण्याचं कामही वाचतं. पहिले सहा महिने तरी बाळाची झोपायची जागा स्वतंत्र पण आईच्याच खोलीत, अंथरुणाच्या शेजारी असावी. रात्री चालावं कमी लागतं आणि लक्षही राहतं. शेकाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही ठेवू नका. तिचा धूर आणि न दिसणारा विषारी वायू दोन्ही बाळाला घातक असतात.

सिझेरियन झालं असेल तर

सिझेरियननंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. पहिले काही दिवस पाळण्यातून बाळ काढणं आणि ठेवणं हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं, आणि बाळ आईच्या हातात आणून द्यावं. आईने अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावे आणि हाताच्या जोरावर उठावं. बारशाला पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहून बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. बाराव्या दिवशी टाके ओले असतात, म्हणून आईला तिथे वाकायला लावू नका. तिने खुर्चीत बसून कौतुक पाहावं.

आजीचाही विचार करा. नातवंडाच्या ओढीने ती दिवसभर वाकते, पण तिची हाडं ठिसूळ झालेली असतात आणि गुडघे दुखत असतात. आजीला खुर्चीत बसवा आणि बाळ तिच्या मांडीवर द्या. पाळण्यात ठेवण्याचं काम बाबाने, काकाने, आत्याने घ्यावं. वर दिलेली रीत त्यांनीही शिकावी, कारण ताठ गुडघ्यांनी वाकलं तर पुरुषाचीही कमर धरते.

कमर बळकट करण्यासाठी

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मध्ये झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या चमूने आपले देशी खेळ जगाला दाखवले. अशा गावात बैठकीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. बाळ उचलण्याची योग्य रीत म्हणजे खरं तर अर्धी बैठकच. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, साधारणपणे सहा आठवड्यांनंतर, खुर्चीवर बसायचं-उठायचं, अशा आठ-दहा बैठका दिवसातून दोनदा करा. उताणं पडून गुडघे वाकवा, श्वास सोडत पोट आत घ्या आणि कंबर गादीला टेकवा, पाच मोजा आणि सोडा. हा हलका व्यायाम नैसर्गिक प्रसूतीनंतर बऱ्याच जणींना लवकर सुरू करता येतो. दूध पाजताना पाठ टेकलेली असू द्या, मांडीवर उशी घ्या आणि बाळाला छातीपर्यंत वर आणा. बाळाकडे वाकून पाजू नका.

मदत कुणाची घ्यावी?

दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत सिद्ध केली आणि २०११ पासून ती देशभर राबवली गेली. आशाताई बाळाचं वजन बघायला येतील तेव्हा त्यांना पाळणा, झोळी, झोपायची जागाही दाखवा आणि स्वतःच्या कंबरेबद्दल न लाजता सांगा.

दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी होत नसेल तर अमरावतीत डफरीन किंवा इर्विन, अकोल्यात लेडी हार्डिंग किंवा सर्वोपचार रुग्णालयात दाखवा आणि फिजिओथेरपीबद्दल विचारा. कळ गुडघ्याखाली पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा अशक्त वाटत असेल, जांघेत बधिरता असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, कंबरदुखीसोबत ताप असेल किंवा एका पायाच्या पोटरीला सूज आणि वेदना असेल, तर एक दिवसही थांबू नका. अशा वेळी मालिश करून घेऊ नका, थेट दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर कमर दुखायचीच, असं म्हणून आपल्या आया-आज्यांनी ते दुखणं आयुष्यभर सोसलं. पुढच्या पिढीला ते सोसायला लावण्याचं काहीच कारण नाही. घरात बाळ येणार असेल तर नवव्या महिन्यातच टेप घेऊन पाळण्याची उंची आईच्या उंचीशी जुळवा, शेजारी बसायला जागा करा आणि रात्री बाळाला निजवण्याची निम्मी पाळी बाबाच्या नावावर आजच लावून टाका.